आधी ऑब्जेक्ट की आधी लूप?

एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलणाऱ्या ऑब्जेक्टांतून उभा करण्याच्या पद्धतीच्या, या चार शब्दांच्या व्याख्या विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत बिनचूक लिहितात आणि प्रोग्रॅम लिहायला बसले की सगळा कोड एकाच मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या भागात, कोंबतात. याचं मूळ हा विषय वर्गात ज्या वाटेने आला त्यात आहे, असं मला वाटतं.

१९६०च्या दशकात ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड सिम्युलेशनसाठी, म्हणजे खऱ्या घडामोडींची संगणकावर नक्कल करण्यासाठी, प्रोग्रॅमिंगची भाषा घडवत होते. रांगा, वाहतूक, कामाचे टप्पे अशा एकाच वेळी चालणाऱ्या गोष्टी संगणकात उभ्या करायच्या, तर त्यात कोणकोण आहे आणि प्रत्येक जण काय करतो, हे आधी ठरवावं लागे. त्यातूनच त्यांच्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास (ऑब्जेक्टचा साचा), ऑब्जेक्ट (त्या साच्यातून घडलेली, स्वतःची माहिती आणि कामं सांभाळणारी वस्तू) आणि इनहेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्याने घेणं) आले. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात ॲलन के, अडेल गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही ऑब्जेक्टवर उभी असलेली भाषा घडवली. तिथे तर शाळकरी मुलंही ऑब्जेक्टना संदेश पाठवत प्रोग्रॅम लिहीत होती.

विद्यापीठांत मात्र बराच काळ पास्कलचा जम होता. निक्लाउस विर्थ यांनी ही भाषा शिकवण्यासाठीच बनवली होती आणि तिचं ते काम ती चोख करत असे. बदलाचा रेटा उद्योगाकडून आला. क्लास आणि ऑब्जेक्ट असलेल्या भाषा तिथे रुजल्या: १९८५ साली सी++ बाजारात आली, १९९५ साली जावा. अमेरिकेत शाळकरी विद्यार्थी कॉलेजच्या पातळीचा विषय घेऊन देतात त्या एपी कम्प्युटर सायन्स परीक्षेचा प्रवास पाहिला तरी हे कळतं: आधी पास्कल, १९९९पासून सी++, २००४पासून जावा. भाषा बदलली, पण धड्यांचा क्रम अनेक ठिकाणी तोच राहिला. व्हेरिएबल, इफ, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवणारी रचना), ॲरे आणि टर्म संपत आली की क्लास. सिम्युलाचा मूळ प्रश्न, 'यात कोणकोण आहे?', या क्रमात कुठेच विचारला जात नाही.

तो प्रश्न जपला केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी. १९८९ साली त्यांनी मांडलेल्या सीआरसी (क्लास, रिस्पॉन्सिबिलिटी, कोलॅबोरेटर) कार्डांना संगणकही लागत नाही. एका कार्डावर क्लासचं नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि कोणाची मदत लागते ते लिहायचं. मग एखादा प्रसंग घेऊन ज्याची पाळी येईल ते कार्ड हातात धरायचं. सगळं काम एकच कार्ड करतंय, हे विद्यार्थ्यांना तिथल्या तिथे दिसतं. इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी साधन मागे पडावं, याची मला खरोखर खंत वाटते.

दुसरा नेटाचा प्रयत्न मायकल कोलिंग आणि सहकाऱ्यांचा. जावा शिकण्यासाठीच्या त्यांच्या ब्लूजे या सॉफ्टवेअरमध्ये क्लास चौकोनांसारखे पडद्यावर दिसतात. माउसने ऑब्जेक्ट तयार करून त्याची मेथड (त्याला जमणारं काम) चालवता येते आणि जावा प्रोग्रॅमच्या सुरुवातीला लिहाव्या लागणाऱ्या 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन'चं कोडं पहिल्याच दिवशी अंगावर येत नाही. एसीएम आणि आयट्रिपलई या व्यावसायिक संघटनांच्या २००१च्या अभ्यासक्रम-आराखड्यात 'ऑब्जेक्ट्स फर्स्ट', म्हणजे आधी ऑब्जेक्ट शिकवण्याची पद्धत, ही सुरुवातीच्या मान्य पद्धतींपैकी एक होती. त्यावर कडाक्याचा वाद झाला. नवशिक्याला लूपच धड जमत नसताना ऑब्जेक्टचं ओझं कशाला, हा विरोधकांचा सवाल होता आणि तो रास्तच होता. २०११ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातून काढून पुढच्या वर्षांत ऐच्छिक केलं.

त्यानंतर पायथन ही भाषा पसरली. तिच्यात क्लास न लिहिताही पहिला कोर्स पुरा होतो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ऑब्जेक्ट दुसऱ्या कोर्सात गेले. तोवर विद्यार्थ्याला सगळं एका फाइलमध्ये, वरून खाली लिहायची सवय लागलेली असते आणि दुसऱ्या कोर्सच्या शिक्षकाला सुरुवात तिथूनच करावी लागते.