डागरोधक कापड आणि आपली तेलातली आमटी

जालना-परभणीकडे वेचणीच्या दिवसांत ताज्या कापसाचा बोळा पाण्यात टाकला तर तो लगेच भिजत नाही, तरंगत राहतो. कापसाच्या तंतूवर मुळातच मेणाचा अतिशय पातळ थर असतो. वजनाने जेमतेम अर्धा-एक टक्का. कापड रंगवण्याआधी गिरणीत ते कॉस्टिक सोड्यात उकळून हा थर काढून टाकतात, कारण तो असेपर्यंत रंग आत शिरत नाही. मग उरतं ते जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याला पाण्याची विलक्षण ओढ असते, म्हणून तो घाम टिपतो आणि बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात सुती कपडाच अंगाला बरा वाटतो. पण चहा आणि आमटीही तो तितक्याच तत्परतेने पितो. डागरोधक कापडावर गिरणीने हाच गेलेला थर दुसऱ्या रसायनाने परत चढवलेला असतो.

हा थर काम करतो का? पाण्यापुरता नक्की करतो. दुकानदार कापडावर पाणी ओततो, थेंब मोत्यांसारखे घरंगळतात, आणि त्यात फसवणूक काहीच नसते. मात्र पाणी ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे. द्रवाचे रेणू एकमेकांना किती घट्ट धरून ठेवतात हे पृष्ठताणावरून कळतं. पाण्याचा पृष्ठताण सुमारे 72 मिलिन्यूटन प्रति मीटर, दुधाचा पन्नासच्या आसपास, तर शेंगदाणा तेलाचा 30 ते 35. ताण जितका कमी, तितका द्रव सहज पसरतो. मेणाचा किंवा सिलिकॉनचा लेप पाण्याला थोपवतो, तेलाला नाही. तेलाचा थेंब उभा ठेवायचा तर कापडाची ओढ त्याहून फारच कमी हवी, आणि ती फक्त फ्लोरिन भरलेल्या रेणूंनी साधते. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत 1953 मध्ये असंच एक रसायन चुकून कॅनव्हासच्या बुटावर सांडलं. ते धुऊन निघेना, आणि बुटाच्या तेवढ्या भागावर पाणी-तेल टिकेना. पॅट्सी शर्मन आणि सॅम्युअल स्मिथ यांनी त्यातून घडवलेलं 'स्कॉचगार्ड' 1956 मध्ये बाजारात आलं.

आता लग्नाची पंगत घ्या. वाढप्याच्या हातून सदऱ्यावर येसर आमटी सांडते. ती गरम असते, म्हणून तिचा ताण आणखी कमी आणि तेल पातळ. त्यात आपण घाईने रुमालाने घासतो! लेप थेंबाला वरच्यावर उभा ठेवतो तो फक्त स्वतःच्या वजनापुरता. बोटाचा दाब पडला की तेल धाग्यांमधल्या फटीत शिरतं, कारण हवा खेळती राहावी म्हणून या फटी मोकळ्याच ठेवलेल्या असतात. म्हणून घासू नये. कागद किंवा कोरडं फडकं नुसतं टेकवून तेल टिपून घ्यावं. डागरोधक कपड्याने दिलेली खरी सवलत म्हणजे ही दोन-चार मिनिटं.

ती संधी हुकली की उलटा प्रकार सुरू होतो, आणि ही गोष्ट लेबलवर कुणी लिहीत नाही. जो लेप पाण्याला दूर ठेवतो, तो धुण्याच्या पाण्यालाही दूर ठेवतो. आत गेलेलं तेल साध्या सुती कापडातून निघेल त्याहून चिवटपणे बसून राहतं. याच अडचणीमुळे पुढे 'डाग सहज सोडणारे' लेप निघाले. ते डाग अडवत नाहीत, धुताना पाण्याला आत घेतात. रोजच्या वापराला मला हा प्रकार जास्त उपयोगी वाटतो. विकत घेताना दोन्हींपैकी कोणता आहे ते विचारायलाच हवं.

लेपाचं आयुष्यही धुण्यावर ठरतं. आपल्याकडे बोअरचं जड पाणी. त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतं आणि तो लेपावर बसतो. धुण्याच्या दगडावर आपटणं आणि ब्रश मारणं यांनी लेप झिजतो तो वेगळाच. फ्लोरिनच्या लेपाला चांगलं खळबळून गरम इस्त्री केली तर विस्कटलेले रेणू बऱ्यापैकी पुन्हा सरळ होतात. झिजून गेलेला लेप मात्र परत येत नाही.

आणि झिजून तो जातो कुठे? धुण्याच्या पाण्यातून नालीत, नदीत, जमिनीत. कार्बन-फ्लोरिन बंध हा सेंद्रिय रसायनांतला सर्वांत मजबूत एकेरी बंध. म्हणून लेपातली ही फ्लोरिनची रसायनं, ज्यांना एकत्रितपणे पीएफएएस म्हणतात, निसर्गात जवळजवळ कुजत नाहीत. त्यातलं पीएफओएस हे रसायन 2009 मध्ये, तर पीएफओए 2019 मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न कुजणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आलं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क राज्यांनी जानेवारी 2025 पासून अशा कपड्यांच्या विक्रीवर बंधनं घातली आहेत. जिथे पिण्याचं पाणीच विहिरी-बोअरमधून येतं, त्या भागाने शाळेच्या शर्टासाठी ही जोखीम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 'पीएफएएस-फ्री' लिहिलेला कपडा तेलापुढे कमी पडेल, पण तोच घ्यावा.

राहिला हळदीचा डाग. आपल्या वसमत-हिंगोलीच्या हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि फोडणीच्या तेलासोबत थेट धाग्यात जाऊन बसतं. साबण लावताच डाग लालभडक होतो. साबण अल्कधर्मी असल्याने कर्क्युमिनचा रंग तेवढा बदलतो, कपडा बिघडलेला नसतो. आधी साबणाने तेल काढावं, मग कपडा ओला असतानाच कडक उन्हात टाकावा. उजेडात कर्क्युमिनचे रेणू तुटतात आणि पांढऱ्या सदऱ्यावरचा पिवळेपणा काही तासांत विरत जातो. रंगीत कपडा मात्र फार वेळ उन्हात ठेवू नये, त्याचा स्वतःचा रंगही उडतो.