बायकांवर स्टेजबंदी? कायदा कुठाय?
शेक्सपिअरच्या काळात इंग्लंडमधे बायकांनी नाटकात काम करायला कायद्याने बंदी होती, हे इतकं फिरलंय की सगळ्यांना खरंच वाटतं. असा कायदा नव्हताच हो. होता तो रिवाज, आणि नाटक कंपन्यांची सोय. जॉन हेमिंग्ज शेक्सपिअरच्याच कंपनीतला नट, पण कागदोपत्री किराणा व्यापाऱ्यांच्या संघाचा मेंबर, त्यामुळे पोरांना शिकाऊ म्हणून रीतसर बांधून घ्यायचा, आणि अशीच पोरं राणी, नायिका वगैरे करायची. १६११ च्या सुमारास मॉल फ्रिथ नावाची बाई पुरुषी कपड्यात लंडनच्या फॉर्च्यून थिएटरच्या स्टेजवर बसून ल्यूट (एक तंतुवाद्य) वाजवत गायली (भारीच बाई!), १६२९ मधे लंडनच्याच ब्लॅकफ्रायर्स थिएटरला फ्रेंच नट्यांनी खेळ केला, लोकांनी हुर्यो उडवली ते सोडा. १६६२ च्या नाटक कंपनीला दिलेल्या सनदेत दुसऱ्या चार्ल्स राजाने बायकांना लेखी मुभा दिली, पण तोवर त्या स्टेजवर आल्याही होत्या.