सूर चोख, तरी पट्टी नाकात का बोलते?

पियानो नुकताच सुरात लावलेला असतो, तरी मधल्या सप्तकातली एखादी पट्टी नाकात बोलते. मग तारेवर आदळणाऱ्या हातोडीचा नमदा (दाबलेल्या लोकरीचा थर) मऊ करायला सर्रास सुया टोचल्या जातात. ही घाई चुकीची आहे. आधी तारांची पातळी, म्हणजे त्या सारख्या उंचीवर आहेत का, ते तपासावे.

पियानोच्या 88 पट्ट्यांना सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. खर्जात सुरामागे एक किंवा दोन, त्यावर तीन-तीन. या तिन्हींना हातोडी एकाच क्षणी भिडायला हवी. पण पोलादी तार ताठ असते. अग्राफच्या, म्हणजे तारेचे एक टोक जागेवर धरणाऱ्या धातूच्या खुंटीच्या, भोकातून वळताना ती काटकोनी मोडत नाही, किंचित कमान धरते. तारेगणिक कमान वेगळी, म्हणून उंचीत केसभर फरक राहतो. हातोडीचा स्पर्श काही मिलिसेकंदांचाच असल्याने तेवढा फरकही आवाजात उतरतो.

तो कसा, हे गॅब्रिएल वाइनरिख यांच्या 1977 च्या शोधनिबंधामुळे उलगडते. तिन्ही तारा एकाच घोडीवर, म्हणजे कंप साउंडबोर्डाला (आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीला) पोचवणाऱ्या लाकडी पट्टीवर, टेकलेल्या असतात. त्या एकसाथ हलल्या की त्यांचे जोर एकवटतात, ऊर्जा झपाट्याने साउंडबोर्डात जाते आणि आवाज मोठा पण लवकर विरणारा येतो. त्या एकमेकींविरुद्ध हलल्या की घोडीवरचे जोर एकमेकांना खोडतात, ऊर्जा तारांतच अडकते आणि मंद आस (मागे उरणारा नाद) रेंगाळते. समजा, दोन तारांना पूर्ण ठोका बसला आणि तिसरीला अजिबात नाही : 1, 1, 0. याची फोड दोन भागांत होते. एकात तिन्हींना दोन-तृतीयांश. दुसऱ्यात एक-तृतीयांश, एक-तृतीयांश आणि उणे दोन-तृतीयांश. दुसऱ्या भागाची बेरीज शून्य, म्हणून घोडी त्याला दाद देत नाही आणि तो मंद आस होऊन उरतो. ग्रँडचे (आडव्या तारांच्या पियानोचे) डावे पेडल हातोडी बाजूला सरकवून हाच परिणाम मुद्दाम साधते. पातळी बिघडलेल्या पट्टीत तो कमी प्रमाणात, पण न मागता, प्रत्येक ठोक्याला येतो.

तपासणी सोपी आहे. ग्रँडमध्ये उजव्या पेडलने डँपर (तारांचा नाद थांबवणारे नमद्याचे ठोकळे) उचलून धरा, हातोडी हलकेच वर करून तारांना टेकवा आणि एकेक तार नखाने छेडा. जी खणखणीत वाजते तिला हातोडी टेकलेली नाही, म्हणजे ती शेजारणींपेक्षा उंच आहे. तिला खाली दाबू नका. खालच्या तारा बारीक हुकाने अग्राफला लागून, बेताने वर ओढा. तारेच्या मध्यावर ओढलेत तर बाक नको तिथे पडतो आणि जात नाही. तिन्ही तारांवर छोटी पाणसळ आडवी ठेवली की खात्री होते. पाणसळ बरोबर दाखवते आणि तरीही एक तार वाजते, तर दोष हातोडीच्या माथ्यात आहे. तेव्हाच ती घासावी. वाकड्या तारांना जुळवून हातोडी घासली, तर डावे पेडल दाबताच जुळणी मोडते.

कमान सरळ झाल्याने ताण उतरतो, म्हणून लगेच पुन्हा सूर लावावा लागतो. प्रमाण ‘ए’ स्वर नेहमीच्या 440 हर्ट्झ (सेकंदाला 440 कंपने) ऐवजी ‘432 हर्ट्झच्या दैवी सुरात’ लावल्याने आवाज शुद्ध होतो, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. त्याने ताण साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटतो, एवढेच. उंच तार उंचच राहते. शेवटी पट्टी सोडून ऐका. डँपर बसताना तार झणझणली, तर त्याचा नमदा तिन्ही तारांवर सारखा टेकत नाही आणि पातळी पुन्हा पाहावी लागेल.