पार्श्वभूमी : स्मार्टवॉच, ई-सिम आणि फोनची न सुटणारी सोबत

स्मार्टवॉच रोजच्या व्यवहारात फोनची जागा घेऊ शकेल का, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा बॅटरी आणि पडद्याच्या आकारापाशी येऊन थांबते. या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. परंतु भारतापुरते बोलायचे, तर या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी 2016 ते 2018 या दोन वर्षांत ठरले आणि ते ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी घड्याळ जवळजवळ नव्हतेच. मोबाइल क्रमांक कोणाचा, तो कोणत्या उपकरणात असावा आणि त्यावरून माणसाची ओळख कशी पटवावी, या संबंधीच्या निर्णयांचे परिणाम आज पुण्यातला स्मार्टवॉच वापरणारा अनुभवतो आहे.

घड्याळातून फोन करण्याची कल्पना नवी नाही. 1999 मध्ये एका कोरियन कंपनीने मनगटावर बांधण्याचा फोन विक्रीस आणला होता, तर 2009 मध्ये दुसऱ्या कोरियन कंपनीने थ्रीजी आणि टचस्क्रीन असलेला घड्याळ-फोन काढला. दोन्ही फारसे चालले नाहीत. 2013 च्या गॅलेक्सी गिअरमध्ये तर पट्ट्यातच 1.9 मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. तो अनावश्यक म्हणून त्याची थट्टा झाली आणि पुढे बहुतेक कंपन्यांच्या घड्याळांतून कॅमेरा गायबच झाला. हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे. 2015 मध्ये अ‍ॅपल वॉच आले, परंतु ते आयफोनचे बोट धरूनच चालणारे होते.

खरा बदल सप्टेंबर 2017 मध्ये झाला. त्या वेळी आलेल्या अ‍ॅपल वॉचच्या तिसऱ्या पिढीत ई-सिम (उपकरणातच बसवलेले, काढता न येणारे सिम) होते, म्हणजे फोन घरी ठेवूनही घड्याळ थेट मोबाइल नेटवर्कला जोडले जात असे. त्याच्या मर्यादा कंपनीने स्वतःच जाहीर केल्या होत्या : एकूण वापरासाठी 18 तास, पण केवळ नेटवर्कच्या आधारे बोलायचे असल्यास सुमारे एक तास. चीनमध्ये ही सेवा सुरू होऊन काही दिवसांतच नव्या ग्राहकांसाठी थांबवली गेली आणि घड्याळातल्या सिममुळे वापरणाऱ्याची ओळख पटवणे अवघड होते, ही सुरक्षाविषयक शंका त्यामागे असल्याचे सांगितले गेले. भारतात हे घड्याळ 2017 मध्येच आले, मात्र नेटवर्कवर चालणारी आवृत्ती यायला मे 2018 उजाडले.

ती आली तीच वादासह. दोन मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी एकाच वेळी ही सेवा सुरू केली आणि लगोलग एकीने दुसरीविरुद्ध केंद्राच्या दूरसंचार खात्याकडे तक्रार नेली. ई-सिम कार्यान्वित करणारी यंत्रणा देशाबाहेर ठेवून परवान्यातील अटींचा भंग केला जात आहे, असा आरोप होता. दुसरीने तो साफ फेटाळला. स्पर्धेतील ही चाल होती, असे म्हणण्यास जागा आहे, पण उपस्थित झालेला मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. त्याच महिन्यात खात्याने ई-सिमबाबत सूचना काढल्या आणि एका व्यक्तीच्या नावावरील जोडण्यांची कमाल मर्यादा 18 केली. त्यांपैकी नऊ नेहमीच्या मोबाइलसाठी आणि नऊ यंत्रायंत्रांतील संपर्कासाठी. फोन आणि घड्याळ एकाच कंपनीच्या सेवेवर असले पाहिजेत, ही अट ग्राहकांच्या वाट्याला आली ती सेवा देण्याच्या पद्धतीतूनच. घड्याळातील ई-सिमला नेटवर्कच्या दृष्टीने स्वतःची वेगळी ओळख असते आणि कंपनी पडद्याआड ती ग्राहकाच्या मूळ क्रमांकाशी जोडते. आपल्याला एकच क्रमांक दिसतो. यंत्रणेला दोन सिम दिसतात.

या दोन सिमांमुळेच पैशांच्या व्यवहाराचा प्रश्न अडतो आणि इथे थोडे तपशिलात शिरणे भाग आहे. यूपीआयची सुरुवात एप्रिल 2016 मध्ये झाली. त्याच्या रचनेत असे ठरले की ग्राहकाची ओळख मोबाइल क्रमांकावरून पटवायची, परंतु त्यासाठी ग्राहकाला ओटीपी पाठवायचा नाही, तर ग्राहकाच्या फोनमधूनच एक सांकेतिक एसएमएस बाहेर पाठवायचा. अँड्रॉइडवर परवानगी दिली की तो मागच्या मागे जातो. आयफोनवर मात्र अक्षरे आणि आकड्यांची एक लांबलचक, अर्थहीन दिसणारी ओळ संदेशाच्या चौकटीत उघडते आणि आपल्याला स्वतः बाण दाबावा लागतो. दोन सिम असतील तर कोणते, हेही सांगावे लागते. तो संदेश ज्या क्रमांकावरून आला तो बँकेतील नोंदीशी जुळला, की ते अ‍ॅप, ते सिम आणि तो फोन यांची गाठ बांधली जाते. सिम बदलले की गाठ पुन्हा बांधायची. घड्याळातल्या सिमची ओळख वेगळी, म्हणून ही गाठ त्याच्याशी बांधली जात नाही.

या निर्णयाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ओटीपी गोड बोलून काढून घेता येतो, पण दुसऱ्याच्या सिममधून एसएमएस पाठवायचा तर ते सिम हातात असावे लागते. नोटाबंदीनंतरच्या गर्दीत पहिल्यांदाच डिजिटल व्यवहार करणाऱ्या कोट्यवधी लोकांचा विचार करता ही खबरदारी समजण्यासारखी होती. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे वेगळे आहे. सिम स्वॅप करून, म्हणजे दुसऱ्याच्या नावाचे सिम नव्याने मिळवून, होणाऱ्या फसवणुकीने सिम हाच कच्चा दुवा असल्याचे दाखवून दिले, आणि या रचनेमुळे टॅबलेट, लॅपटॉप आणि घड्याळ ही सगळी उपकरणे कायमची दुय्यम ठरली, असे ते म्हणतात. प्रस्तुत लेखकाला 2016 चा निर्णय त्या काळासाठी योग्य वाटतो. मात्र घड्याळांत ई-सिम आल्यानंतर त्याचा फेरविचार झाला नाही, हे मान्य करावेच लागते. नियम वाकवता येत नव्हते, असेही नाही. मार्च 2022 मध्ये इंटरनेट नसलेल्या साध्या फोनसाठी वेगळी वाट काढण्यात आली, तर जानेवारी 2023 मध्ये दहा देशांतील अनिवासी भारतीयांना परदेशी क्रमांकावरून यूपीआय वापरण्याची मुभा मिळाली. बटणांच्या फोनला जे मिळाले, ते तीस-चाळीस हजारांच्या घड्याळाला मिळाले नाही.

पैसे देण्याची दुसरी वाट कार्डाची. इतर अनेक देशांत घड्याळाने फोनविना पैसे देता येतात ते प्रामुख्याने दुकानातील यंत्रावर मनगट टेकवून. भारतात रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये कार्डाच्या टोकनची (म्हणजे खऱ्या कार्ड क्रमांकाऐवजी वापरायच्या सांकेतिक क्रमांकाची) सोय घड्याळे आणि मनगटावरच्या फिटनेस पट्ट्यांनाही लागू केली. पिन न टाकता टॅप करण्याची मर्यादा त्याआधी, 1 जानेवारी 2021 पासून, पाच हजार रुपये झाली होती. कागदावर वाट मोकळी होती, परंतु रस्त्यावर ती दिसत नव्हती. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, त्यामुळे कार्डाच्या यंत्राचे भाडे भरण्याचे टपरीवाल्याला कारण उरले नाही. वेताळ टेकडीवरून फोनविना उतरलेला माणूस चहाच्या गाडीपाशी उभा राहिला, तर समोर असतो तो प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला क्यूआर कोड आणि शेजारी रक्कम बोलून दाखवणारा डबा. कोड वाचायला कॅमेरा लागतो, आणि तो घड्याळातून 2013 नंतर काढून टाकलेला आहे. ऑगस्ट 2025 मध्ये यूपीआयच्या व्यवहारांची महिन्याची संख्या 2,000 कोटींवर गेली. त्यांतला जो वाटा कोड स्कॅन करून होतो, त्यात घड्याळाला शिरकाव नाही.

दरम्यान बाजाराने भलतेच वळण घेतले. 2021 नंतर दीड-दोन हजार रुपयांच्या ‘ब्लूटूथ कॉलिंग’वाल्या घड्याळांची लाट आली, आणि बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीपासून ऑनलाइन विक्रीपर्यंत सगळीकडे तीच दिसू लागली. त्यांत सिम नसते. कॉल फोनवरच येतो; घड्याळ त्याचा माइक आणि स्पीकर बनते, आणि फोन दहा-पंधरा मीटर लांब गेला की संभाषण तुटते. ही घड्याळे फोनला पर्याय असल्याचा समज मात्र जाहिरातींनी भरपूर पसरवला. 2024 मध्ये भारतातील स्मार्टवॉचची विक्री साधारण एक-तृतीयांशाने घसरली. त्याची कारणे अनेक दिली जातात. घेतलेले घड्याळ बदलण्याचे सबळ कारणच ग्राहकाला सापडले नाही, हे त्यांतले सर्वांत पटणारे आहे.

काही ठिकाणी घड्याळ फोनपेक्षा बरे ठरेल, अशी आशा होती, तीही फोल ठरली. हिंजवडी आणि खराडीच्या काही कार्यालयांत परदेशी ग्राहकांच्या कामाच्या दालनात जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. घड्याळही तिथेच ठेवावे लागते. प्रवेश परीक्षांच्या केंद्रांवरही तीच गत आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांतील घडामोडी परस्परविरोधी आहेत. जुलै 2023 मध्ये अँड्रॉइड प्रणालीच्या घड्याळांवर व्हॉट्सअ‍ॅप आले आणि फोन जवळ नसतानाही संदेश पाठवता येऊ लागले. दुसरीकडे नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार खात्याने संदेशवहनाच्या अ‍ॅपना खाते सतत मूळ सिमशी बांधलेले ठेवण्याचा, तसेच संगणकावरील वेब आवृत्ती जास्तीत जास्त सहा तासांनी बंद करण्याचा आदेश दिला. सायबर फसवणूक रोखणे हा त्यामागचा उद्देश सांगितला गेला. त्याचा रोख घड्याळांवर नव्हता, परंतु दिशा तीच, 2016 ची.

घड्याळाला जागा देऊ शकेल अशी एकच तरतूद सध्या दिसते. ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झालेल्या व्यवस्थेनुसार खातेदार आपल्या यूपीआयवर दुसऱ्या व्यक्तीला खर्चाची मुभा देऊ शकतो. पूर्ण मुभा असल्यास महिन्याला 15,000 आणि एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत. मुलांना किंवा घरातील वडीलधाऱ्यांना खर्चासाठी ही सोय होती. 2025 मध्ये तिच्याच आधाराने मोटारी, दूरचित्रवाणी संच आणि अंगावर वापरायची उपकरणे यांतून पैसे देण्याचे प्रकार मांडले गेले. या योजनेत घड्याळाला घरातल्या अवलंबितासारखे स्थान मिळते, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेत खर्च करायचा आणि परवानगी फोनकडून घ्यायची. ती परवानगी पहिल्यांदा देण्यासाठी लागणारा एसएमएस आजही फोनमधल्या सिमवरूनच जातो.