सापाच्या पेटीतलं ऊन

बॉल पायथन या पाळीव आफ्रिकन अजगराच्या काचपेटीचं एक टोक आज साधारण ३२ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि दुसरं २६ च्या आसपास. पाळणाऱ्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलं आहे, की कधीकाळी असं नव्हतं हे कुणाला आठवत नाही.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचं जगातलं पहिलं सार्वजनिक दालन उघडलं. थंड मुलखात आफ्रिका-आशियातले साप जगवायचे तर दालन तापवणं आलंच. पण सगळीकडे एकच तापमान म्हणजे वाळवंटातल्या आणि दलदलीतल्या सापाला एकाच मापाचा सदरा.

तो सदरा उसवला तिथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभिरक्षक (क्युरेटर) जोन प्रॉक्टर यांनी. त्यांच्या कल्पनेतून १९२७ मध्ये तिथेच नवी इमारत उभी राहिली. वेगवेगळ्या भागांना विजेची वेगवेगळी ऊब, मत्स्यालयासारखा उजेड पेटीत आणि प्रेक्षक अंधारात, शिवाय सूर्याचे अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच. खिडकीची साधी काच त्यातले नेमके कामाचे, म्हणजे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व बनवणारे किरण अडवते. काचेआडचं ऊन सापाला शेकवतं, पण त्यातला तेवढा भाग गाळलेला असतो. हे १९२७ मध्ये ओळखणाऱ्या प्रॉक्टर १९३१ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी गेल्या.

ऊब नेमकी कशी द्यायची, याचं शास्त्र १९४४ मध्ये पुढे आलं. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या अमेरिकन संशोधकांनी वाळवंटातल्या सरड्या-सापांचा अभ्यास करून दाखवलं, की हे प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून अंगाचं तापमान बऱ्यापैकी नेमकं राखतात. ‘थंड रक्ताचा’ हे विशेषण तिथेच लंगडं पडलं. सापाला नुसती उष्णता पुरत नाही, निवड लागते. गारठलेल्या सापाचं भक्ष्य पोटात न पचता सडतं. पळायला सावली नसेल तर उन्हानेच तो मरतो.

घरगुती छंदाने हा धडा रडतखडत गिरवला. आत तार घातलेले, विजेवर तापणारे कृत्रिम दगड म्हणजे ‘हॉट रॉक’ आले आणि त्यांच्यावर वेटोळं घालून बसलेल्या सापांची पोटं भाजली. मग पेटीखाली घालायच्या तापणाऱ्या चटया म्हणजे हीट मॅट आणि त्यांचं तापमान आवरणारे थर्मोस्टॅट. साधा बल्बही चाले, कारण त्यातली बहुतेक वीज उष्णतेतच जाते. युरोपने २००९ पासून तो टप्प्याटप्प्याने बाद केला तो याच उधळपट्टीपायी. सापवाल्यांना तर तीच उधळपट्टी हवी होती! आपल्याकडे देशी साप पाळायला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मुभा देत नाही, त्यामुळे हे सामान इथे परदेशी सापांसाठीच. आणि नागपूरच्या मे महिन्यात पेच उलटा: गार टोक राखायचं कसं?

उजेडाचा वाद मात्र मिटलेला नाही. साप उंदीर हाडं-यकृतासकट गिळतो, ‘ड’ जीवनसत्त्व त्यातूनच मिळतं, मग अतिनील दिवा कशाला, असा हिशेब बरीच वर्षं चालला. २००८ मध्ये अतिनील दिव्याखाली ठेवलेल्या कॉर्न स्नेक या अमेरिकन सापाच्या रक्तात ‘ड३’ वाढलेलं आढळलं. २०१३ मध्ये तोच प्रश्न बॉल पायथनबाबत तपासला, तेव्हा म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. म्हणून एकाच जातीचे साप पाळणाऱ्या दोघांपैकी एकाच्या पेटीवर आज अतिनील नळी असते आणि दुसऱ्याच्या पेटीखाली नुसती मॅट.