हिवाळ्यात समुद्र बघायचा तर आधी तिथी बघा

दिवाळी सरली की कोकणातल्या निसर्ग केंद्रांकडे पालकांची विचारणा सुरू होते: मुलांसाठी किनारा फेरी कधी आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं, रविवारी सकाळी आठला. माझं आग्रहाचं म्हणणं आहे की किनाऱ्यावरच्या कार्यक्रमाची वेळ वार बघून ठरवूच नये. ती तिथी बघून ठरवावी, आणि तिथीवरून वेळ काढायचं गणित मुलांनाच करायला द्यावं.

हे गणित कोकणात नवं नाही. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि मधली ओहोटी सव्वासहा तासांनी.

हे जुळतं कसं? चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असतो, म्हणून तो पुन्हा त्याच जागी दिसायला चोवीस तासांऐवजी जवळपास चोवीस तास पन्नास मिनिटं लागतात. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी पुढे जाते. बारा तासांना पंधराने भागलं की तिथीमागे ४८ मिनिटं येतात. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटं सोडून दिली की हिशेब बोटांवर होतो. सहावी-सातवीच्या मुलांना हा भागाकार करू द्यावा; पंचांग आणि भूगोल एकाच कागदावर आल्याचा त्यांना होणारा आनंद बघण्यासारखा असतो.

आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मुंबईकडे हीच भरती मालवणपेक्षा उशिरा येते. उंचीतही फरक आहे. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर चार मीटरच्या वर जातं, सिंधुदुर्गात साधारण त्याच्या निम्मं. उत्तरेकडे समुद्राचा तळ रुंद आणि उथळ होत जातो, आणि पुढे खंबातचं आखात निमुळतं होतं, म्हणून पाणी चढत जातं. केंद्राने अखेरची वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करावी.

आता मुलांना घेऊन खडकांवर जायचं तर कोणती तिथी? उधाण पौर्णिमा-अमावास्येचं खरं, पण पाण्याचा सर्वांत मोठा चढउतार दिसतो तो त्यानंतर एक-दोन दिवसांनी. पौर्णिमेला पहाटेची ओहोटी साडेपाचच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरात मिट्ट काळोखात. द्वितीयेला मात्र ती पावणेआठला येते, तृतीयेला साडेआठला, चतुर्थीला सव्वानऊला. उजेड आहे, ऊन कोवळं आहे आणि पाणीही चांगलं आत गेलेलं आहे. पावसाळ्यात याच तिथींना लाटा खडकावर उभं राहू देत नाहीत. वैशाखात खडक तापतो. म्हणून हे दिवस हिवाळ्याचे. रविवारी अशी तिथी दर महिन्याला येईलच असं नाही. नाताळच्या सुट्टीत तरी ती गाठावी.

उलट अष्टमीला, भांगाच्या म्हणजे सर्वांत कमी चढउताराच्या दिवसांत, ओहोटी दुपारी बाराच्या पुढे आणि तीही अर्धवट. त्या दिवशी मुलांना खडकांवर नेलं तर उन्हात ओले दगड बघून परत यावं लागतं.

वाळूवर आधी थांबावं. ओहोटी लागली की दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसू लागते. हे काम करणारे बारके खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडाशी नेतात, कणांना चिकटलेले सूक्ष्म शेवाळासारखे जीव चाळून खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतात. एकदा चाळलेली वाळू पुन्हा चाळायची वेळ येऊ नये, अशी ही सोय. बिळाभोवती रेषा फाकत जातात, कारण धोका वाटला तर सरळ घरी पळता यायला हवं. मुलांना चार हात लांब, न हलता बसवावं. पाच-सहा मिनिटांत खेकडे बाहेर येतात. पाणी परतलं की ते बिळात शिरतात, तोंड बुजवतात आणि आत हवेचा कप्पा राखून ओहोटीची वाट बघतात.

खडकावर पट्टे दिसतात. वरच्या कोरड्या भागात बारके शंख, खाली बार्नेकलचा खरखरीत थर, त्याखाली कालवं आणि शिनाणे हे शिंपल्यांतले जीव, आणि डबक्यांत समुद्रफुलं नावाचे फुलासारखे दिसणारे प्राणी. कोण किती वेळ पाण्याबाहेर तग धरू शकतो, यावर बऱ्याच अंशी त्याची जागा ठरते. बार्नेकल हा खेकड्या-कोलंबीच्या नात्यातला. डोक्याकडून दगडाला चिकटतो आणि पाय पाण्यात हलवून अन्न गोळा करतो. ही सगळी नावं किनाऱ्यावरच्या बायकांना तोंडपाठ असतात. कालवं फोडणाऱ्या, मुळे म्हणजे वाळूतले शिंपले काढणाऱ्या एखाद्या काकूंना केंद्राने मानधन देऊन मार्गदर्शक म्हणून सन्मानाने बोलवावं.

उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख हातात घ्यायचे नाहीत. त्यांतल्या काहींचा दंश विषारी असतो. आणि पाणी परतायला लागलं की लगेच मागे फिरायचं. पहिल्या तासात पाणी सावकाश चढतं, पण तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मी भरती येऊन जाते. सावध नसलेल्या माणसाला पाणी खडकावरच वेढतं.

पक्ष्यांसाठी तिथी बदलते. उत्तरेकडून आलेले कुरव, चिखल्या, तुतवार ओहोटीला चिखलभर पांगलेले असतात. भरतीत ती जागा बुडाली की किनाऱ्याच्या कोरड्या पट्ट्यावर दाटीवाटीने येऊन बसतात. तेव्हा नीट बघता येतं. म्हणजे सकाळची भरती हवी: दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. ऐरोलीला ठाणे खाडीतली रोहित पक्ष्यांची बोट फेरीही भरतीवरच चालते, म्हणून तिची वेळ रोज वेगळी असते.

कासवांना मात्र हे गणित लागू नाही. वेळास, आंजर्ले भागात ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात अंडी घालतात, एका घरट्यात साधारण शंभर. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात, ते वाळूच्या उष्णतेवर. वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर. त्यामुळे पिल्लं निघण्याचा नेमका दिवस आधी कळत नाही. तिकडे जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन रात्रींचा मुक्काम धरून जावं.