मुंबईत आपल्या जागेवर कुणी कब्जा केला तर अर्ज कुठे, कागद कोणते

प्लॉटवर कुणी घुसून पत्रे ठोकले की बरेच मालक आधी महिनोन्महिने ओळखीच्या नेत्याकडे खेटे घालतात, मग वकील गाठतात आणि तोवर सगळ्यात सोपा रस्ता बंद झालेला असतो. तो रस्ता म्हणजे स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट १९६३ चं कलम ६. ताबा गेल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा टाकायचा, मालकी कुणाची हे कोर्ट यात बघत नाही, ताबा तुमचा होता आणि तुमच्या मर्जीविरुद्ध, कायदेशीर कारवाई न करता काढून घेतला एवढं दाखवायचं, म्हणून भाडेकरूसुद्धा हा दावा करू शकतो. निकालावर अपील नाही. सरकारविरुद्ध मात्र हे कलम चालत नाही.

६ महिने उलटले तर मालकीच्या जोरावर दावा करा, पण समोरचा १२ वर्षं उघडपणे, तुमचा हक्क नाकारून बसला आणि त्याने ते सिद्ध केलं तर हक्कच जातो, त्यामुळे प्लीज थांबू नका.

कागद: प्रॉपर्टी कार्ड (जिथे असेल तिथे सातबारा), रजिस्टर्ड खरेदीखत, वारस नोंद, पालिकेच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या पावत्या, लाइट बिल. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून क प्रत (मोजणीचा नकाशा) घ्याच. तुटलेलं कुंपण, बदललेलं कुलूप, कोपऱ्यात टाकलेल्या विटा, सगळ्याचे फोटो त्याच दिवशी काढा.

पोलिसांत तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ (बेकायदा घुसणं) खाली होते. "सिव्हिल मॅटर आहे" असं ऐकवतात बऱ्याचदा, तरी लेखी द्या आणि पोच घ्या, कारण ताबा कधी गेला ती तारीख दाखवायला पुढे तीच उपयोगी पडते. बांधकाम चालू असेल तर दाव्यासोबतच मनाई हुकुमाचा अर्ज करा, आणि वॉर्ड ऑफिसलाही लेखी कळवा, मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५४अ खाली पालिका काम थांबवायची नोटीस देऊ शकते.

लीव्ह अँड लायसन्सवाला मुदत संपूनही घर सोडत नसेल तर ही केस वेगळी, त्यासाठी भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (सरकारने या कामासाठी नेमलेला अधिकारी) अर्ज जातो, आणि तो राहील तोपर्यंत दुप्पट लायसन्स फी मागता येते. जागा घोषित झोपडपट्टीत असेल तर १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्याच्या कलम २२ प्रमाणे आधी त्या कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, ती न घेता टाकलेला दावा अडकतो.

आणि माणसं नेऊन स्वतः शेड पाडू नका, समोरच्याचा ताबा स्थिर झाला असेल, म्हणजे तो तिथे पक्का बसला असेल, तर उलट तुमच्यावरच केस होते.